मच्छिंद्रालाच तिकीट मिळू दे

सोमवारी सकाळचे साडेनऊ वाजून गेले तरी कडूबा आला नाही.

चाँदबी दुकानात पोत्यावर बसून जळक्या मोटारीच्या खाचांतली काळी पडलेली तार पकडीनं उपटत होती. निंबोळा फाट्यावर तिच्या नवऱ्याचं, बदरोद्दीनचं, मोटारी भरायचं दुकान होतं. पुढं शटरची खोली, मागं राहायची. बोअरमधून मोटार ओढून काढायची, दुकानात आणून उघडायची, जळालेली तार काढून नवी भरायची आणि पुन्हा नेऊन बोअरमध्ये सोडायची, असं वीस वर्षं चाललं होतं. ओढायचं काम बदरोद्दीन आणि कडूबा करत. तार भरायचं काम चाँदबीचं. तिची बोटं बारीक होती, आणि तिनं भरलेली मोटार सहसा परत येत नसे.

जानेवारी म्हणजे कामाचा महिना. गहू पोटरीत, हरभरा घाट्यात, लाईन येणार चार तास आणि तीही कमी दाबाची. मोटारी धडाधड जळत. दरसाल या दिवसांत दुकानापुढं मोटारींची रांग लागे आणि शेतकरी चाँदबीच्या डोक्यावर उभे राहत, "भाभी, माझी आधी." या वर्षी दारात एकच मोटार होती, आणि तिचा मालकसुद्धा अजून विचारायला आला नव्हता.

शेवटी कडूबा दिसला. सायकलवरून उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला.

"वहिनी, थोडे दिवस जमायचं न्हाई."

"कामून? तब्येत बरी न्हाई का?"

"तब्येत बरी हाय." तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "घरचे म्हणतेत, कशाला जाऊन राह्यला तिथं. निवडणूक होऊ द्या."

बदरोद्दीन आतून हात पुसत आला तोवर सायकल वळली होती. कडूबाचा पाना खिळ्याला लटकत होता, तो त्यानं काढला, पुसला आणि परत तिथंच लावला.

आठ दिवसांपूर्वी याच फाट्यावर गावातल्या मच्छिंद्रची सभा झाली होती. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती आणि मच्छिंद्रला त्याच्या पक्षाचं तिकीट पाहिजे होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून तो बोलला, आणि बोलता बोलता त्यानं हात लांब करून दुकानाकडं बोट केलं. "आपल्या बोअरमध्ये कोणाचे हात जातेत बघा! आपलं पाणी कोणाच्या हातात हाय बघा!" चाँदबी तेव्हा दारातच उभी होती. शेदीडशे माथी एकदम तिच्याकडं वळली. त्यातली निम्मी तिच्या ओळखीची होती. कोणाकोणाच्या बायकांच्या बाळंतपणाला ती गेली होती. ती आत सरकली, आणि आपण आत सरकलो हे सगळ्यांनी पाहिलं, याचीच तिला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून ते भाषण पोरांच्या मोबाईलवर फिरत होतं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी ते लावायचं, आणि "कोणाचे हात" हे शब्द वाऱ्यावर थेट मागच्या खोलीपर्यंत यायचे.

दुपारी साहेबराव आले. दुकानाची जागा त्यांची होती. पांढरे कपडे, पायात पांढऱ्या चपला, गाडीतून उतरतानाच "काय बदरोद्दीन!" अशी हाक. गेल्या खेपेला ते या गटातून निवडून आले होते आणि आताही त्यांच्या पक्षानं त्यांचं नाव पक्कं केलं होतं. चाँदबीची मुलगी नाजिया बारावीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिनं उठून खुर्ची दिली. साहेबरावांनी चहा बशीत ओतून फुंकून प्याला. ते या घरात नेहमीच चहा पीत. आजही प्याले, आणि बदरोद्दीनचा चेहरा तेवढ्यानंच उजळला.

"दादा, कडूबा बी गेला," तो म्हणाला.

"जाऊ दे. घाबरायचं न्हाई बिलकुल. उलट तुम्ही काय करा, रोज दुवा मागा, मच्छिंद्रालाच तिकीट मिळू दे म्हणून."

बदरोद्दीन हसला. चेष्टा वाटली त्याला.

"हसू नको, खरं सांगून राह्यलो. त्यांच्या पक्षात दोन जण तिकीट मागतेत. एक राधेश्याम शेट आन एक हा. राधेश्याम शेट कसा हाय? शांत. कोणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. त्याला तिकीट मिळालं की माझे व्यापारी गेले, मास्तर लोक गेले, तुमच्यातले बी चार घरं त्याच्याकडून बियाणं-खत नेतेत, ते बी गेले. मी पडलोच म्हणून समज. पण मच्छिंद्र आला की सगळे शहाणे लोक भिऊन माझ्याकडं येतेत. आन तुमची मतं तर एकगठ्ठा. कुठं जाता तुम्ही?"

बोलताना त्यांनी प्रेमानं बदरोद्दीनच्या गुडघ्यावर थाप मारली. कुठं जाता तुम्ही. चाँदबीच्या मनात ते शब्द घुटमळत राहिले.

मग साहेबरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. टाईप केलेला होता. खाली सहीची जागा मोकळी.

"यावर सही कर. पोलिसात द्यायचाय. एक तर तुला बंदोबस्त मिळंल. दुसरं, मच्छिंद्र एक दिवस आत जाऊन आला ना, की त्याचे पोरं पेटतेत. मंग त्यांच्या पक्षाला त्यालाच तिकीट द्यावं लागतं. राधेश्याम शेट घरी बसला."

"उद्या देतो दादा. चष्मा दुरुस्तीला टाकलाय," बदरोद्दीन म्हणाला. चष्मा त्याच्या वरच्या खिशात होता.

साहेबराव गेल्यावर नाजियानं कागद वाचला. घरात ते आपसात उर्दू आणि मराठी मिसळून बोलत.

"अब्बा, ये तो झूट है," ती म्हणाली. "इसमें लिखा है की वो दुकान में आया, गाली दी, पेट्रोल डाल के जला देता बोला."

"भाषणात तर बोलला ना तो," बदरोद्दीन म्हणाला.

"भाषणात बोलला, दुकानात न्हाई आला," चाँदबी म्हणाली. "उद्या तो विचारंल, मी कधी आल्तो? मंग काय सांगणार?"

"जागा दादांची है," बदरोद्दीन हळू म्हणाला. कागद कुराणाच्या खालच्या फळीवर वार्निशच्या डब्याखाली ठेवला गेला.

त्या दिवशी असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजनंतर चाँदबीनं हात वर केले. नवऱ्याची तब्येत, मुलीची परीक्षा, नेहमीचं सगळं मागून झालं. आणि मग साहेबरावांचे शब्द आपसूक तिच्या ओठांवर आले. ते निवडून आले तर सगळं पहिल्यासारखं होईल. आणि ते येण्यासाठी मच्छिंद्रला तिकीट मिळायला पाहिजे. तिनं ते मागायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली. ज्या माणसानं आपल्याकडं बोट केलं त्याचं भलं आपण अल्लाकडं मागतोय. दुवा पुरी न करताच तिनं चेहऱ्यावरून हात फिरवले आणि जानमाज गुंडाळली. नंतर झोपेपर्यंत तिला वाटत राहिलं, अर्धी तर अर्धी, मागून झालीच की.

गुरुवारी सकाळी बांधाच्या वाटेनं सोनूबाई आली. सोनूबाई म्हणजे मच्छिंद्रची बायको. डोक्यावर पदर, पायाला ओला गारा. ती पुढून रस्त्यानं आली नव्हती, मागच्या दारानं आली होती.

"चाँदभाभी, मोटार बसली. तीन दिवस झाले. गहू पार वाळून चालला. बदनापूरचा मिस्तरी म्हणतो आठ दिवस येत न्हाई, नंबर हाय."

चाँदबीनं हातातली पकड खाली ठेवली.

"मला माहित हाय," सोनूबाई खाली बघत म्हणाली. "पण गव्हाला काय कळतंय भाषण. मी त्यांला सांगून आले. ते म्हणले, बोलाव."

बदरोद्दीननं चाँदबीकडं पाहिलं. जायची भीती होतीच. पण नाही म्हणायची भीती त्याहून मोठी होती. मच्छिंद्रच्या शेतावर मिस्तरी गेला नाही, ही बातमी फाट्यावर पोचायला तास लागला नसता.

"कडूबा न्हाई," तो म्हणाला. "ओढायला माणूस कुठून आणू?"

"मी येते," चाँदबी म्हणाली.

टेम्पोत तीन पायांचा घोडा, कप्पी, दोर, क्लॅम्प आणि पाने टाकून दोघं निघाली. मच्छिंद्रचं शेत नाल्यापलीकडं होतं. गव्हाचा रंग खरंच उतरला होता, पानं सुरळी होऊन बसली होती. मच्छिंद्र बोअरपाशी एकटाच उभा होता. भाषणात दिसला त्याहून बुटका वाटला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"या बदरूभाई."

बदरोद्दीननं बोअरवर घोडा उभा केला, कप्पी टांगली, पहिल्या पाईपला क्लॅम्प आवळला. मच्छिंद्रनं बाह्या वर सारल्या आणि चाँदबीच्या पुढं दोर धरला. सोनूबाई सुटलेले पाईप उचलून बांधावर नेऊ लागली. ओढा, थांबा, आवळा, सोडवा. वीस फुटाचा एक पाईप वर आला की त्याच्याखाली दुसरा क्लॅम्प आवळायचा, वरचा फिरवून काढायचा, पुन्हा दोर बांधायचा. मोटार तीनशे फुटांवर होती. चौथ्या पाईपलाच चाँदबीच्या तळव्यांची आग होऊ लागली. दोर ओला होता आणि हिवाळ्याच्या उन्हातही तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. मच्छिंद्र मात्र मनापासून ओढत होता. शेतकरीच तो. वजन कुठं घ्यायचं, पाय कुठं रोवायचा, त्याला बरोबर कळत होतं. त्याचा जोर लागला की चाँदबीच्या हातातला दोर सैल पडायचा, आणि तिला बरं वाटायचं. बरं वाटलं म्हणून तिला आपलाच राग यायचा.

आठव्या पाईपाला ते थांबले. सोनूबाईनं कळशीतून पाणी दिलं. बदरोद्दीनला दिलं, चाँदबीला दिलं, त्याच तांब्यानं.

"बदरूभाई," मच्छिंद्र तोंड पुसत म्हणाला, "ते मनावर घेऊ नका. तिकिटापुरतं हाय ते. शेटकडं पैसा हाय, वरपर्यंत ओळख हाय. माझ्याकडं काय हाय? मी बी शांत बोललो तर मला कोण विचारतंय? एकदा तिकीट मिळालं की मी एक शब्द बोलणार न्हाई."

बदरोद्दीन जोरानं हसला. गेल्या दहाबारा दिवसांत तो असा हसला नव्हता. "मी हिला तेच म्हणत होतो! भाऊ तसे न्हाई म्हणून."

असं तो कधीच म्हणाला नव्हता. चाँदबीनं तांब्या खाली ठेवला.

"मच्छिंद्रभाऊ, तुमचं तिकिटापुरतं. पण पोरांला कोण सांगणार, की तिकिटापुरतं हाय म्हणून?"

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. हा प्रश्न त्यालाही कधीतरी पडला असावा, असं पाहिलं. मग म्हणाला, "चला, ओढून घेऊ. ऊन होतंय."

सहा पाईप राहिले होते. एक वर आला होता. मच्छिंद्र आणि चाँदबी दोर ताणून धरून होते. बदरोद्दीन वाकून, उजव्या हाताची बोटं क्लॅम्पच्या खालून घालून बोल्ट बसवत होता. तेवढ्यात नाल्याकडून मोटारसायकलींचा आवाज आला. तीन गाड्या. सगळ्यात पुढं मच्छिंद्रचा पुतण्या बबलू, मागं दोघं तिघं, गळ्यात एकाच रंगाची उपरणी. बबलूनं लांबूनच मोबाईल वर धरला होता.

मच्छिंद्रनं दोर सोडला.

सावकाश नाही, सांगून नाही. जणू दोर तापलेला होता. तो दोन ढांगा मागं झाला आणि बाह्या खाली ओढू लागला. सगळं वजन एकट्या चाँदबीच्या हातात आलं. दोर तिच्या तळव्यांतून सरसरत गेला. तिनं टाच रोवली, ती पुढं ओढली गेली, गुडघ्यावर पडली, तरी तिनं दोर सोडला नाही. पाईप वीतभरच खाली गेला. क्लॅम्प बोअरच्या लोखंडी तोंडावर आदळला. बदरोद्दीन ओरडला नाही. श्वास आत ओढल्याचा आवाज तेवढा आला आणि तो क्लॅम्पवर डोकं टेकून बसला.

"काम झालं की लगेच निघायला सांगा त्यांला," मच्छिंद्र पोरांकडं जात मोठ्यानं म्हणाला. आवाज ट्रॉलीवरचा होता. "बायकांनी बोलावलं, मला माहितच न्हाई."

सोनूबाई पळत आली. दोघी बायकांनी मिळून दोर ओढला. पाईप चार बोटं उचलला, तेव्हा बदरोद्दीनचा हात निघाला. मधली दोन बोटं चपटी झाली होती. नखांच्या जागी नखं नव्हती. सोनूबाईनं आपल्या पदराची चिंधी फाडली. ती बांधताना तिचे ओठ हलत होते, पण नवऱ्यापर्यंत जाईल असा एकही शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. पोरं बांधावर उभी राहून बघत होती. कोणी हसलं नाही. मोबाईल मात्र वरच होता.

बदनापूरच्या डॉक्टरनं बोटं वाचवली. पण वाकतील याची खात्री नाही म्हणाला. तळवा पूर्ण बांधलेल्या, हात गळ्यात अडकवलेल्या नवऱ्याला घेऊन चाँदबी घरी आली तेव्हा साहेबरावांची गाडी दारात होती. ते आत येरझारा घालत होते. नाजिया भिंतीला टेकून उभी होती.

"कळलं मला," साहेबराव म्हणाले. त्यांचा आवाज दुःखाचा होता, डोळे मात्र चमकत होते. "लय वाईट झालं. पण आता तर खोटं लिहायचं कामच न्हाई. त्यानं शेतावर बोलावून हात चेचला. दुसरा कागद आणलाय."

"चेचला न्हाई दादा," बदरोद्दीन म्हणाला. वेदनेनं त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. "दोर सोडला त्यानं. पोरं आले म्हणून सोडला."

"तेच ते. सही कर."

बदरोद्दीननं बांधलेला उजवा हात किंचित उचलून दाखवला.

"डावा अंगठा चालतो," साहेबराव म्हणाले, आणि खिशातून शाईची डबी काढली. ती त्यांनी बरोबर आणली होती.

बदरोद्दीनला उर्दू लिहिता येत होतं, मराठी लिहिता येत होतं. दुकानाची पाटी त्यानं स्वतः रंगवली होती. तो त्या डबीकडं बघत राहिला. मग हळूहळू त्याचा डावा हात पुढं सरकू लागला. चाँदबीला दिसलं, नवऱ्याला राग आलेला नाही, त्याला नुसतं हे संपवायचंय. तिनं मध्ये जाऊन डबीचं झाकण लावलं. दोरानं सोललेल्या तळव्याला पत्र्याचा गारवा झोंबला.

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना भाभी."

"त्याला तिकीट मिळालं, आन तुम्ही न्हाई आलात, तर?"

साहेबराव थोडे थबकले. "असं होतच न्हाई. हिशोब पक्का हाय माझा."

"तरी. न्हाई आलात तर?"

"न्हाई आलो तर..." त्यांनी खांदे उडवले. "मी घरी बसंन. राजकारण हाय. पुढच्या खेपेला बघू."

"तुम्ही घरी बसाल," चाँदबी म्हणाली. "आमचं घर हे हाय." तिनं मागच्या खोलीच्या पत्र्याकडं, शटरकडं, कोपऱ्यातल्या पुस्तकांकडं पाहिलं. "राधेश्याम शेटला मिळू द्या तिकीट. तुम्ही पडा न्हाईतर निवडून या. आम्हाला शांत माणूस समोर पाहिजे."

साहेबरावांनी डबी खिशात टाकली. कागदाची नीट घडी घातली. "बरं," एवढंच म्हणाले. आलेला चहा त्यांनी घेतला नाही.

सहीची गरज पडलीच नाही. बबलूच्या मोबाईलमधलं चित्र शनिवारपर्यंत गावोगाव गेलं होतं. कप्पी, दोर, क्लॅम्पवर डोकं टेकलेला माणूस. साहेबरावांच्या माणसांनी ते पसरवलं, "बघा, मच्छिंद्रानं गरिबाचा हात चेचला," म्हणून. मच्छिंद्रच्या पोरांनीही तेच पसरवलं, आणि खाली लिहिलं, "भाऊ नुसते बोलत न्हाईत." खरं काय झालं ते तिथं असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मच्छिंद्रनं ते कुणाला सांगितलं नाही. जे घडलंच नव्हतं त्यानं त्याचं नाव झालं होतं, आणि ते खोडायला त्याला जड गेलं असणार.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी फटाके वाजले. मच्छिंद्रला तिकीट मिळालं होतं. गावाच्या अंगानं त्याची पोरं माळा लावत होती. चाँदबीनं शटर निम्मं खाली ओढलं, तेवढ्यात फाट्याच्या अंगानंही फटाके सुरू झाले. ती साहेबरावांची माणसं होती. त्यांच्यातला एक जण पेढ्याचा पुडा घेऊन शटरखालून वाकला. "घ्या भाभी! मिळालं बघा त्याला! आपलं काम झालं!" तिनं पेढा घेतला. न घेणं जमलं नसतं. दोन्हीकडच्या धुरानं रस्ता दिसेनासा झाला, आणि नाजिया आत कानांवर हात ठेवून बसली होती.

पहिले चारपाच दिवस साहेबरावांचा हिशोब बरोबर वाटत होता. मग काहीतरी बदललं. प्रचाराची जीप दुकानापुढं थांबेनाशी झाली. साहेबरावांचा एक कार्यकर्ता येऊन सांगून गेला की, मोहल्ल्यातल्या लोकांनी दादांच्या सभेला पुढं बसू नये, फोटोत येतं. साहेबराव स्वतः दोनदा रस्त्यानं गेले. पहिल्यांदा हात केला. दुसऱ्यांदा गाडीची काच वर होती. टपरीवर लोक म्हणत, दादांची माणसं मच्छिंद्राकडं सरकायली, दादा मोहल्ल्याचेच म्हणून.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी साहेबरावांचा फोन आला. बदरोद्दीननं डाव्या हातानं उचलला.

"आज फाट्यावर माझी सभा हाय. शटर खाली ठेवा. बाहेर येऊ नका कोणी."

"काही होणार हाय का दादा?"

"काही होत न्हाई. खाली ठेवा फक्त."

दिवस मावळायच्या आत सभा सुरू झाली. स्टेज दुकानाला लागून होतं. तिघं जण मागच्या खोलीत बसली होती. बत्ती बंद होती आणि कर्ण्याचा आवाज पत्रा थरथरवत आत येत होता. रस्त्याचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं. मग साहेबरावांचा आवाज चढला.

"मच्छिंद्र म्हणतो, कोणाचे हात आपल्या बोअरमध्ये जातेत बघा! अरे, तो नुसता बोलला! आन मोटार बसली तर गुपचूप त्यांलाच बोलावतो! मी बोलत न्हाई, मी करून दाखवतो. आपल्या वीस पोरांला मी मोटारीचं काम शिकवणार. ही जागा, ही मागची जागा, माझी हाय. इथंच आपल्या पोरांचं दुकान टाकणार! मंग दुसऱ्याच्या हाताची गरजच कशाला?"

टाळ्या पडल्या. इतक्या पडल्या की तेवढ्या मच्छिंद्रच्या सभेलाही पडल्या नव्हत्या.

नाजिया काही तरी म्हणत होती, ते ऐकू येत नव्हतं. टाळ्या थांबल्यावर ऐकू आलं. "अम्मी, अब वोट किसकू देना?"

मधल्या दारातून दिसणाऱ्या शटरवर बाहेरून कोणीतरी पाठ टेकली होती, पत्रा आत दबला होता. चाँदबी त्या फुगवट्याकडं बघत बसली. हा माणूस ओळखीचा असेल, आणि त्याला आपण आत आहोत हे माहीत असेल, असं तिला वाटलं.

मतदान त्यांनी केलं. न जाऊन चाललं नसतं, यादीवर खूण होते आणि कोण आलं नाही ते दोन्ही पक्षांना कळतं. शाळेच्या दारात साहेबराव रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडत होते. चाँदबी जवळ आली तेव्हा त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघू लागले. आत यंत्रापुढं ती इतका वेळ उभी राहिली की टेबलामागची अधिकारी बाई म्हणाली, "दाबा मावशी, काय झालं?" तिनं साहेबरावांचंच बटण दाबलं. दुसरं काय दाबणार होती? बोटावरची शाई तळव्याच्या अजून न भरलेल्या जखमेला लागली आणि चुरचुरली.

साहेबराव निवडून आले. थोड्याच मतांनी, पण आले. त्यांचा हिशोब खरा ठरला होता.

निकालाच्या दिवशी चार वाजता मिरवणूक फाट्यावर आली. बदरोद्दीन उठून सदरा घालू लागला. बांधलेला हात बाहीतून जाईना.

"कुठं चाललात?" चाँदबी म्हणाली.

"दारात उभं राहतो. न्हाई दिसलो तर म्हणतील, यांला आनंद न्हाई झाला."

"दिसलात तर?"

बाही तशीच खांद्यावर टाकून तो शटरबाहेर जाऊन उभा राहिला. चाँदबी फटीतून बघत होती. उघड्या जीपवर साहेबराव, गळ्यात हारांचे थर. जीपपुढं नाचणारी पोरं. त्यांतली दोन तिनं ओळखली. बांधावर बबलूबरोबर उभी होती तीच. आज त्यांच्या गळ्यात उपरणी दुसऱ्या रंगाची होती. त्यांनीही बदरोद्दीनला ओळखलं. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. दोघं नाचत नाचत आले, "ए मिस्तरी, गुलाल घे की," म्हणाले, आणि ओंजळभर गुलाल त्याच्या तोंडावर मारला. डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात. बदरोद्दीन मागं सरला नाही. तो हसत होता. तिसऱ्यानं गळ्यातल्या बांधलेल्या हातावर थाप मारली, "आता बोअर कसा काढशील?" तरी तो हसत होता. डावा हात उचलून त्यानं जीपवरच्या साहेबरावांना सलाम केला. साहेबराव पलीकडच्या बाजूला हात हलवत होते.

मिरवणूक पुढं गेली. चाँदबीनं नवऱ्याला बाहीला धरून आत ओढलं, शटर खाली पाडलं, कडी घातली. नाजियानं बादली आणली. चाँदबीनं त्याला मोरीवर बसवलं आणि ओंजळीनं डोळ्यांवर पाणी मारू लागली. पाणी लाल होऊन वाहत होतं. भुवया धुतल्या, पापण्या धुतल्या, दाढीतला गुलाल बोटांनी मोकळा केला. डोळे सुजून लाल झाले होते, आणि त्यांतून पाण्याशिवायही काहीतरी वाहत होतं. पण गालांची घडी तशीच होती, ओठ तसेच ताणलेले, वरचे दात दिसत होते. तिनं दोन्ही तळव्यांत त्याचा चेहरा धरला.

"अब मत हसो जी," ती म्हणाली. "दरवाजा लगा ली मैं."